तळ सांगण्याची रीत

“पण आदी कोणी कोणाक सोडल्यान? पोवळ्यान शेवाळाक, की शेवाळान पोवळ्याक?”

धाकू तांडेलांनी हे विचारलं आणि दिगूचा पारा चढला.

पोवळ्यांच्या गप्पा मारायला तो आलाच नव्हता. तो दोर कापून घ्यायला आला होता.

दोर दोघांच्या मधे चटईवर पडला होता. सुंभाचा, बोटाएवढा जाड, खाऱ्या पाण्याने काळवंडलेला. शेजारी कोयती. बाहेर मे महिन्याचं ऊन असं तापलं होतं की वाळूवर कुत्रंसुद्धा पाय ठेवत नव्हतं. मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या त्या झावळ्यांच्या खोपटात, वाऱ्याचं नाव नव्हतं.

“आबा, माका उशीर होता,” दिगू म्हणाला.

“माका नाय होत,” आबा म्हणाले.

झालं! आता बसा.

देवखार गावात धाकू आबांना घाई कोणी करत नाही. म्हातारा ऐंशीच्या पुढचा. खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकांत, अडकलेले होड्यांचे नांगर आणि जाळी सोडवण्यात त्याचा उभा जन्म गेला. डाव्या कानाचा पडदा विशीतच फाटला, पाण्याखाली. त्या कानाजवळ ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागत नाही, आणि उजवाही आता त्याच्या समोरून बोललं तरच ऐकतो. म्हणून गावात लहानथोर सगळे त्यांच्या उजव्या अंगाला बसतात. दिगूही तसाच बसला होता.

आता दोराचं काय ते सांगतो, नाहीतर दिगू एवढा का तडफडत होता ते कळायचं नाही.

देवखारचे पाणबुडे जोडीनेच बुडी मारतात. एक खाली जातो, दुसरा होडीत दोर धरून बसतो. खालच्याच्या काखेखाली दोराचं एक टोक, वरच्याच्या मुठीत दुसरं. जोडी जमली की दोघांनी आपापल्या घरून अर्धा अर्धा दोर आणायचा आणि आबांनी तो सांधून द्यायचा. जोडी मोडली की सांधा कापायचा, तोही आबांनीच. मग ज्याचा अर्धा त्याला.

आणि एकदा कापलेला सांधा आबा त्याच दोघांसाठी पुन्हा घालत नसत. कोणी कितीही हातापाया पडो. सख्ख्या भावांनाही त्यांनी परत पाठवलं होतं.

सांधा कापला नसेल तर दुसरा कोणी तुमचा दोर हातात धरत नाही. दिगूला उद्या सकाळी दुसरा माणूस हवा होता. आणि त्याचा जोडीदार वासू सारंग आज एकच्या एसटीने गाव सोडून चालला होता. पुढे रेल्वेने वेरावळ, तिथे ट्रॉलरवर नोकरी. आठ वर्षांची जोडी.

“वासूची गाडी एकाची आसा,” दिगू म्हणाला. “तेच्या आदी तेचो अर्धो दोर तेका पोचूक व्हयो. उगाच माझ्या नावान बोंब नको.”

“कापतंय रे. कोयती हयच आसा. … जोगणीचां खडप पांढरां पडलां म्हणतत. माका आता पाण्यात जावक जमणा नाय. तू बघितलंस. सांग.”

दिगूने सुस्कारा सोडला. पण खरं सांगायचं तर विषय त्याच्या आवडीचा होता.

चार वर्षं तो सागर संशोधन केंद्रासाठी बुडी मारत होता. दर पंधरा दिवसांनी खाली जायचं, पोवळ्याशेजारी रंगपट्टी धरायची आणि कुठला रंग जुळतो ते पाहून यायचं. केंद्राच्या पेठे मॅडमनी त्याला सगळं समजावलं होतं. दीडशे आकडे मोजून होईपर्यंत श्वास धरणारा दुसरा पाणबुडा त्या किनाऱ्यावर नव्हता, आणि हे दिगूला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याने घसा साफ केला.

“पोवळं हा दगड नव्हे, तो प्राणी आहे. त्याच्या मांसात अतिसूक्ष्म शेवाळ वास्तव्य करतं. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने…”

“ह्यां कोणाक सांगतंस? होडयेत पर्यटक बसलेहत काय?”

दिगू ओशाळला.

“माका सांग,” आबा म्हणाले.

“बरां. … शेवाळ उन्हावर अन्न करता. तेतलां थोडां आपण खाता आणि बरांचसां पोवळ्याक देता. पोवळां तेका घर देता. आपल्या अंगातलां नको असलेलां तेका खत म्हणून देता. पोवळ्याचो रंग म्हणजे तो पोवळ्याचो नाय, आबा. शेवाळाचो.”

“चांगलो संसार आसा.”

“आसा. पाणी थंड आसा तवसर आसा. यंदा पाणी तापलां. लय नाय, नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादो अंश जास्त. पण आठवडेच्या आठवडे तापललांच. तशात वरसून ऊन. शेवाळाचां अन्न करूचां काम बिघाडता. अन्न करता करता ता वीष करूक लागता.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम कित्याक करीत? उष्म्यान होता तसां.”

“मगे?”

“मगे पोवळां तेका भायर टाकता. रंग गेलो. मांस काचेसारख्यां, आतलां हाड दिसता पांढरांफेक.”

“म्हणजे पोवळ्यान सोडल्यान.”

“पोवळ्यान सोडल्यान,” दिगू ठामपणे म्हणाला. “सोडूकच व्हयां. घरात कोण वीष करीत बसलो तर तेका ठेवतलास काय?”

हे बोलताना त्याची नजर दोराकडे गेली. आबांची त्याच्याकडे होती.

“मेलां काय ता?”

“अजून नाय. उपाशी आसा. मॅडम म्हणतत, मांसात खयतरी थोडां शेवाळ उरलेलां आसता. पाणी वेळेत थंड झालां तर ताच परत वाढता.”

“वेळेत म्हणजे किती?”

“तीन आठवडे, चार आठवडे. … छातीवर हात ठेवन कोण सांगणा नाय.”

आबांनी मडक्यातलं पाणी पेल्यात ओतलं, दिगूपुढे सरकवलं. दिगूने हात लावला नाही. मनगटावरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिठ्यावरच्या एसटी थांब्यापर्यंत चढ चढून जायला अर्धा तास. वासू तिथे आधीच जाऊन बसला असेल, बोचक्यावर हनुवटी टेकून. त्याला सगळीकडे आधी जाऊन बसायची खोड.

“आबा, कापा आता.”

“रंग कधी उडालो?”

दिगूने दात आवळले. “मी बघितलंय तेका अठरा दिवस झाले.”

“आणि तेच्या आदी? फाल्गुनात, चैत्रात?”

“तेव्हा रंग होतो. पट्टीवर बरोबर बसा होतो.”

“म्हणजे तेव्हा सगळां बरां होतां.”

दिगू ‘होय’ म्हणायला गेला आणि थांबला. या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं, आणि येत असलेलं उत्तर न देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

“नाय,” तो म्हणाला. “मॅडम म्हणतत, बिघाड आदीच होता. उष्मो वाढलो की शेवाळ आपलां अन्न आपल्याकडेच ठेवन घेवक लागता. पोवळ्याच्या अंगातच रवता, पण देणा नाय. पोवळां तेव्हापासूनच उपाशी पडता.”

“रंग आसताना?”

“रंग आसताना.”

“आणि कोणाक कळणा नाय?”

“कळतलां कसां, आबा? भायरसून सगळां तसांच दिसता.”

“हं,” आबा म्हणाले, आणि त्यांनी दोर उचलला.

दिगू नकळत मागे सरकला. का सरकला, ते त्यालाही कळेना. सकाळपासून हेच तर हवं होतं.

आबांनी डोळे मिटून दोर बोटांतून सरकवत नेला आणि मध्यावर थांबले. तिथे दिगूच्या घरचे तीन पेड वासूच्या घरच्या तीन पेडांत गुंतवलेले होते. आठ वर्षांच्या ओढाताणीने सांधा इतका गच्च बसला होता की डोळ्यांना दिसलाही नसता. आबांनी तो गुडघ्यावर ताणला. कोयती हातात घेतली.

“कापूच्या आदी विचारूचां लागता. रीत आसा. काय झालां?”

दिगू याच प्रश्नाची वाट पाहत होता. अठरा दिवस त्याने हे भाषण पाठ केलेलं होतं.

त्या दिवशी केंद्राची होडी बाजूलाच उभी होती. तिच्यात दिल्लीहून आलेले पाच साहेब, पेठे मॅडम आणि यंत्रं. दिगू खाली गेला आणि बघतो तर काय, सगळं खडप पांढरं! आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. हातातल्या कॅमेऱ्याने तो चित्र घेत सुटला. वरून वासूने दोराला झटका दिला. एक झटका म्हणजे ‘बरो आसस?’ खालून एक झटका द्यायचा, ‘आसंय.’ दिगूने दिला नाही. पुन्हा झटका आला. नाही दिला. तिसरा आला, तेव्हा तर त्याने चिडून दोर बाजूलाच केला.

आणि मग वासूने त्याला ओढलं.

“ओढलां म्हणजे कसां, आबा! पोत्यासारख्यां! पाठ खडपावर घासली, कॅमेरो हातातसून सुटलो, पोवळ्याचो एक तुकडो मोडलो. वर येतंय तर साहेब हसतत. मॅडम विचारतत, ‘दिगंबर, दम संपला का?’ माझो दम! दीडशे मोजणाऱ्याक!”

“वासून किती मोजलेले?”

“एकशेपस्तीस.”

“आणि तू काय बोललंस?”

दिगूने चटईची एक काडी उपटली.

“रीत आसा. सांगूचां लागता.”

“… बोललंय की तुझो उपयोग काय? दोर खुंटयेक बांधलो असतो तरी चाललां असतां. खुंटी निदान ओढणा तरी नाय.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“मगे तो?”

“काय एक बोलूक नाय. दोराची नीट गुंडाळी केल्यान, माझ्या पायापाशी ठेवल्यान आणि पोहत किनाऱ्याक गेलो.”

आबांनी मान हलवली. वर झावळीला धरून एक पाल चुकचुकली. दिगूला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शिव्या देतील. शिव्या चालल्या असत्या.

“कापू?” आबांनी विचारलं.

“कापा.”

कोयती खाली आली. पहिला पेड ताडकन तुटला.

त्या आवाजाने दिगू जागच्या जागी दचकला. तुटलेले सुंभ फुलून वर आले, कोरडे, पिवळट. बाहेरून काळा पडलेला दोर आतून अजून तसाच होता, आठ वर्षांपूर्वी घरून आणला तसा.

आबांनी कोयती दुसऱ्या पेडावर टेकवली.

“वासू वर बसता. तेका खालचां काय दिसता?”

“काय दिसतलां? नुसतां पाणी.”

“मगे खाली काय चल्लां ता तेका कळता कशान?”

“दोराच्या झटक्यान.”

“तो तू देवक नाय. आणखी कशान?”

“तळ सांगल्यान,” दिगू पुटपुटला.

तळ सांगणं. देवखारची सगळ्यात जुनी रीत, दोराहूनही जुनी. खालचा वर आला की होडीच्या कडेला हात टेकून, श्वास बसला की पहिलं तोंड उघडायचं ते वरच्यासमोर. खाली काय पाहिलं, कुठे कपार, कुठे ओढ, कुठे भीती वाटली, सगळं सांगायचं. वरचा ते डोक्यात ठेवतो. मग पुढच्या बुडीला त्याला दोरातून कळतं की माणूस आता कपारीत वाकला, आता ओढीत गेला, आता रमला आहे, उशीर लावेल, घाबरायला नको. तळ न पाहिलेला माणूस तळ ओळखतो, तो असा. सगळ्यात आधी त्याला, मग मासळीच्या मालकाला, मग बायकोला. आबांनी पहिल्या दिवशी दोघांना हेच शिकवलं होतं. श्वास धरायचं दुसऱ्या दिवशी.

“वासूक तळ कधी सांगललंस?” आबांनी विचारलं.

“सांगतंय की. दरवेळी…”

“शेवटचो कधी?”

दिगू बोटांवर महिने मोजू लागला.

बाहेर समुद्र भरतीला लागला होता. दिगू आठवत होता. वैशाखात नाही. चैत्रात? चैत्रात तर एकही बुडी चुकली नव्हती. वर आला की तो पोहत सरळ केंद्राच्या होडीकडे जायचा. मॅडम माइक पुढे करायच्या, तो सांगायचा, त्या टिपून घ्यायच्या. ‘व्वा, दिगंबर!’ म्हणायच्या. त्याला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं. तिकडे वासू होडीत दोर गुंडाळत बसलेला असायचा.

एकदा वासूने विचारलं होतं. हे मात्र त्याला आता लख्ख आठवलं. होळी नुकतीच झाली होती. दोर पिळून पाणी काढताना वासू म्हणाला होता, “आज काय दिसलां रे खाली?”

आणि दिगू टॉवेलने डोकं पुसत म्हणाला होता, “मॅडमच्या फिल्ममध्ये बघ.”

वासू हसला होता. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. पण दोर मात्र धरला. दर बुडीला धरला. दोन महिने आंधळ्यासारखा नुसता मोजत, एक, दोन, तीन, खाली काय चाललंय याचा काडीचा पत्ता नसताना.

दिगूच्या कानशिलातून घाम वाहायला लागला.

“होळयेच्या वख्ताक,” तो कसाबसा म्हणाला.

“होळयेक तुमी बोलत होतास? एका होडयेत बसा होतास?”

“होय.”

“लोकांक काय दिसा होतां?”

“… जोडी दिसा होती.”

आबांनी कोयती दाबली. दुसऱ्या पेडाचे दोन धागे तटतट तुटले.

“थांबा!” दिगू ओरडला. त्याने सांध्यावर हात टाकला. कोयतीचं पातं त्याच्या बोटाला लागलं, रक्ताचा थेंब सुंभावर पडला आणि मुरून गेला. “थांबा, आबा. जरा थांबा.”

आबा थांबले. कोयती हटवली नाही.

“आता काय? गाडी एकाची आसा. तूच म्हणालंस.”

“पण तेना माका सगळ्यांसमोर ओढल्यान!” दिगूचा आवाज चिरकला. अभिमान काय एका थेंबात जातो होय? “माझी लाज काढल्यान! तेच्या जागेर तुमी असतास तर ओढलां असतां?”

“एकशेपस्तीसपर्यंत मी थांबलंय नसतंय.”

दिगूचा हात सांध्यावरून निसटला.

“तीन झटक्यांक जबाब नाय,” आबा शांतपणे म्हणाले. “खाली काय आसा म्हायत नाय. दोन महिने तळ ऐकूक नाय. दोराक माणूस आसा काय मडां, कशावरसून कळात? मी शंभराक ओढलां असतां. … तो पस्तीस जास्त थांबलो. कसो थांबलो असात ता तेकाच म्हायत.”

दिगूला होडीतला वासू दिसला. ओठ हलताहेत, शंभर, एकशेएक, दोराला झटका, उत्तर नाही, एकशेदहा, मूठ आवळलेली, ओढू की नको, ओढलं तर दिगू चिडेल, साहेब बसलेत, एकशेवीस…

त्याला रडू फुटलं. तिशीच्या माणसाने रडावं तसं, आवाज न करता, तोंड वाकडं करून.

आबांनी त्याला रडू दिलं. समजूत काढली नाही. थोड्या वेळाने कोयती बाजूला ठेवली आणि चटईवर सरकून बसले. एवढा वेळ त्यांचा उजवा खांदा दिगूकडे होता. आता ते समुद्राकडे तोंड करून बसले, डावा खांदा दिगूकडे. म्हातारा माणूस, मांडी अवघडली असेल.

“तळ सांग,” ते म्हणाले.

“आता?”

“त्या दिसाचो. सांगूक नाय मां कोणाक? मॅडमच्या यंत्रात काय गेलां ता गेलां. तू सांग.”

दिगूने डोळे पुसले आणि मिटून घेतले. पाणबुडे तळ सांगताना डोळे मिटतात, म्हणजे खालचं दिसतं.

“पाणी कोमट होतां,” त्याने सुरुवात केली. “वर तर होतांच, पण चार वाव खाली गेलंय तरी कोमट. खाली गेल्यावर पायाक थंड लागता ना, ता लागलांच नाय. तेव्हाच काळजात चर्र झालां. जोगणीच्या खडपाचो मोठो धोंडो दिसलो आणि माका वाटलां, वाट चुकलंय. सगळां पांढरां. ताटासारखी पोवळी, गोल पोवळी, सगळी. जसां काय घरातलां माणूस समोर उभां आसा आणि चेहरो ओळखूचो नाय.

“मासे होते. पण गप होते. निळे मासे फटीत जावन बसलेले. मी पट्टी काढलंय, तर पट्टीवर तो रंगच नाय. सगळ्यात फिको रंग लावलो, तेच्यापेक्षाय फिको. हात लावन बघितलंय, अलगद. मांस होतां, बुळबुळीत, जितां. पांढरां पण जितां. …

“मी भियालंय, आबा. खरां सांगतंय. कॅमेरो धरलेलो तो हात थरथरा होतो म्हणान दोन्ही हातांन धरलंय. झटको इलो तेव्हा जबाब देवक हातच मोकळो नव्हतो. आणि… नाय, ताय खोटां. मोकळो झालो असतो. मी देवक नाय. माका वाटलां, वासूक काय कळता ह्यातलां. तिसरो झटको इलो तेव्हा माका तेचो राग इलो. खडपाचो येवक व्हयो होतो, पाण्याचो येवक व्हयो होतो, तो तेच्यावर इलो.

“आणि वर ओढताना, शेवटी, एक दिसलां. मोठ्या धोंड्याच्या खाली कपार आसा ना, आमी दोघांनी नांगर सोडवललो ती? तिच्या सावलेत. एक पोवळां, परातीएवढां. तपकिरी. आख्यां तपकिरी, आबा! सगळ्या पांढऱ्यात एकटांच. माका थांबून बघूचां होतां. वासूक सांगूचां होतां. ती कपार तेकाच म्हायत आसा. दुसऱ्या कोणाक सांगून काय कळात? वर इलंय आणि… सांगूक नाय. शिव्या घातलंय.”

तो थांबला. छाती खाली-वर होत होती, बुडीतून आत्ता वर आल्यासारखी. अठरा दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. आबा काहीतरी म्हणतील म्हणून त्याने डोळे उघडले.

आबा समुद्राकडे पाहत बसले होते. अगदी निवांत. कोणीतरी भजन म्हणत असावं आणि आपण दुसऱ्याच गावात असावं, तसे. बराच वेळ काही ऐकू आलं नसल्यासारखी त्यांनी मान वळवली आणि दिगूचे ओठ थांबलेत हे पाहून विचारलं, “झालां सांगून?”

“झालां,” दिगू म्हणाला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आबांनी अर्धवट कापलेला दोर उचलला. सांध्याचा एक पेड तुटलेला, दुसरा उसवलेला, तिसरा शाबूत. त्यांनी त्याची गुंडाळी केली आणि दिगूच्या मांडीवर ठेवली. मग हात वर नेऊन आपल्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली.

“ह्यो माझो डावो कान, दिगू. तळ अजून कोणी ऐकूक नाय. … गाडी किती वाजता म्हणालंस?”